सुनंदा, परवानाधारक

सुनंदा,

तुझ्या तेरवीला पहिली पंगत बसली आणि मांडवातली लाइन गेली. गावात सगळीकडे होती, आपल्याच मांडवात गेली. मांडववाल्याने पंखे, भोंगा आणि पाण्याची मोटर, सगळं एकाच वायरवर टाकलं होतं. पुरुषांच्या पंगतीत सवयीप्रमाणे "पाहा रे कोणी तरी" सुरू झालं आणि कोणीच उठलं नाही. बायकांच्या पंगतीतून मात्र सात-आठ जणी एकदम उभ्या राहिल्या. हात धुवून, पदर खोचून सगळ्या बोर्डाकडे. मांडववाला घाबरून आडवा आला, "बाई, राहू द्या, मी पाहतो." तर तुझ्या हाताखाली शिकलेली वंदना त्याला म्हणाली, "दादा, तुमच्याजवळ परमिट हाय काय?"

तो बाजूला सरला. मग कोणीतरी हसलं आणि अख्खी पंगत हसली. तेरवीच्या पंगतीत! तू गेल्यापासून धड न जेवलेली माझी म्हातारी माय पदरात तोंड लपवून हसत होती आणि त्याच पदराने डोळे पुसत होती.

बिघाड काय होता ते तू आधी विचारशील. लोड जास्त झाला होता, फ्यूज उडाला होता. वंदनाने मोटर वेगळ्या वायरवर घेतली. भात निवायच्या आत पंखे फिरायला लागले.

हे सगळं तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसलो. मी असा पुस्तकातल्यासारखा लिहून राहिलो म्हणून हसू नको. बारावीपर्यंत शिकलोय. वांग्या-मिरच्यांच्या भावापलीकडे लिहायची वेळ आली नाही, एवढंच. पेपरात तुझा फोटो आला होता. खाली जन्मगाव, शिक्षण, मागे पती, एक मुलगी, सासू. सगळं खरं. पण त्यात तू नव्हतीस.

लग्न होऊन तू सोनाळ्यात आलीस तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तुझ्या बापाची खाली खारपाणपट्ट्यात पिठाची गिरणी आहे. तू त्या गिरणीत वाढलेली, पट्टा घसरला की आवाजावरून ओळखणारी, हे मला आपल्या विहिरीवरच्या मोटरने सांगितलं. ऐन उन्हाळ्यात वांगी फुलावर आलेली आणि स्टार्टर बसला. तेव्हा आपल्या भागात बाबूराव हा एकच वायरमन. तोही सरकारी नाही. कोणाच्या तरी हाताखाली राहून शिकलेला, भला माणूस. दहा गावं त्याच्या एका सायकलवर. त्याचा निरोप आला, परवा येतो. परवापर्यंत वांग्यांनी माना टाकल्या असत्या.

मी विजेला भिणारा माणूस. बटण दाबतानाही मी तोंड फिरवतो, तुला माहीतच आहे. तू मेन स्विच ओढलास, दोनदा तपासलंस, स्टार्टर उघडलास आणि म्हणालीस, "याचा कॉन्टॅक्ट जळाला हाय. कानस आना." मी कानस आणून दिली आणि चार हात लांब जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासात पाटात पाणी आलं.

दोन दिवसांनी बाबूराव आला. त्याने स्टार्टर उघडून पाहिला. "हे कोणी केलं बे?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तो तुझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोरी, हात साजरा हाय तुहा. पन कानस कमी घासाची." मग खाली बसून किती घासायची ते त्याने तुला दाखवलं. तुझा पहिला गुरू तो. हे मी मुद्दाम इथे सांगून ठेवतो, कारण आपलं जे भांडण कधी मिटलं नाही ते त्याच्यावरूनच.

मग गावातल्या बाया तुला बोलवायला लागल्या. कोणाचा पंखा, कोणाचा मिक्सर, कोणाच्या स्वयंपाकघरातलं बटण. दुपारी पुरुषमाणूस घरी नसताना परक्या माणसाला आत घ्यायचं म्हणजे पंचाईत, तुला घ्यायला काय हरकत? तू बाजारात भाजी विकायला जायचीस आणि येताना पिशवीत कोणाची तरी इस्त्री घेऊन यायचीस.

असं चाललं असतं तर तसंच चाललं असतं. पण कौसल्याकाकूचं घरकुल आलं. विधवा बाई, घर बांधून झालं, विजेचं फिटिंग तू करून दिलीस. इतकं नीट, की मी मुद्दाम लोकांना दाखवायला न्यायचो. मीटरसाठी अर्ज गेला तेव्हा कळलं, की फिटिंग तपासून बरोबर आहे असा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर परवाना असलेल्या ठेकेदाराची सही लागते. आपण दोघं तालुक्याला गेलो. ठेकेदार वयस्कर, बोलायला गोड. तो सोबत आला, घर पाहिलं आणि म्हणाला, "काम चांगलं हाय, बाई. पन मी सही नाई करत. तुमच्याजवळ परवाना नाई. उद्या या घरात कोनाले काही झालं तं पोलीस तुमच्याकडे नाई येनार, माह्याकडे येतीन."

घरी येऊन मी त्याला काय काय बोललो! तू भाकरी थापत होतीस. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणालीस, "बरोबर बोलला थो."

"काऊन बरोबर? काम चांगलं हाय म्हनते आन सही नाई करत!"

"त्याले माह्या हाताचा काय भरोसा? आज माह्या हाती चांगलं झालं. उद्या कोनी बी उठीन, वायरी जोडीन आन म्हनीन मी बी केलं. करंट मानूस ओयखत नाई. कोनाले तरी जबाबदार राहाच लागते."

"मंग कौसल्याकाकूनं अंधारात राहाचं?"

"नाई. यावेळी त्याचा मानूस येऊन तपासून घेईन. पुढच्या येळी सही माही राहीन."

त्या घरात काकूचा दिवा लागला, त्या ठेकेदाराच्याच सहीने. आणि जूनमध्ये तू आयटीआयच्या खिडकीसमोर उभी राहिलीस, वायरमन ट्रेडसाठी. आतल्या बाईने न पाहताच विचारलं, "मुलाचं नाव?" तू म्हणालीस, "सुनंदा." तिने मान वर केली. तिने पुन्हा विचारलं आणि तू पुन्हा तेच सांगितलंस. वयाची अट नाही हे तू आधीच विचारून ठेवलं होतंस, नाहीतर मीच तुला म्हटलं असतं की आता तिशी उलटली, पोरगी शाळेत जाते, कशाला.

खरा गोंधळ झाला पँटीवरून. वर्कशॉपमध्ये साडी चालत नाही, निळी पँट आणि निळा शर्ट. मायने जेवताना विषय काढला. "पँट घालून बसस्टँडवर उभी राह्यशीन तं लोक काय म्हनतीन?"

तू म्हणालीस, "माय, लुगडं मशिनीत गुतलं तं लोक काय म्हनतीन, थे आधी सांगा."

मायने तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "मंग सैल शिव. आन शर्ट लांब घे." शिंप्याने माप कोणाचं म्हणून विचारलं तेव्हा माझ्याआधी मायनेच सांगितलं, "माह्या सुनीचं. ड्युटीवर जाऊन राह्यली थे." अजून एक दिवस शाळा झाली नव्हती आणि म्हातारीने तुला ड्युटीवर लावून टाकलं होतं.

दोन वर्षं तू पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसलीस. ती तुला मावशी म्हणायची, तुझ्या डब्यातली ठेचा-भाकर संपवायची आणि परीक्षा आली की तुझ्याभोवती बसायची. तुझे सरही तुझ्याहून लहान होते. सकाळची भाजी तोडून तू सातची बस धरायचीस. बाजार माझ्याकडे आला. मी भाव करण्यात कच्चा. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाईच बऱ्या होत्या, निदान वांगं निवडून तरी द्यायच्या." मला त्याचं काही वाटायचं नाही. मी म्हणायचो, ती शिकून राहिली. नुसतं एवढंच म्हणायचो, पण गिऱ्हाइकाने 'काय' म्हणून विचारावं याची वाट पाहायचो.

आयटीआय झाल्यावर परवाना आला. पोस्टमनने आणून दिला आणि माय म्हणाली, देव्हाऱ्यात ठेव. तू म्हणालीस, "देवाले कायले परवाना पाह्यजे?" आणि पक्कडीच्या पिशवीत टाकलास. पण तो वायरमनचा होता. स्वतः सही करायची तर आधी पर्यवेक्षकाचा, मग ठेकेदाराचा. प्रत्येकासाठी अनुभव दाखवायचा, पुन्हा परीक्षा. आपल्या पोरीची दहावी झाली तेव्हा कुठे आपल्या दारावर पाटी लागली: परवानाधारक विद्युत ठेकेदार. पेंटरने तुझं नाव बारीक आणि 'विद्युत' मोठं काढलं होतं. तू ते तसंच राहू दिलंस. माझ्या मनातून ते अजून गेलं नाही.

लोक त्या सहीची गंमत करायचे. इतर ठेकेदारांची सही म्हणजे एक फराटा. तुझी सही म्हणजे पाटीवर गिरवल्यासारखं अख्खं नाव. "कोनी केलं थे वाचता आलं पाह्यजे," तू म्हणायचीस. त्या सहीची खरी किंमत मला माझ्या भावाच्या घरी कळली.

दिलीपचं घर बांधून झालं, वास्तू जवळ आली. फिटिंग त्याने बाहेरच्या मिस्त्रीकडून करून घेतलं होतं, आणि सही घरचीच आहे म्हणून निर्धास्त होता. तू घरभर फिरलीस, मीटरची जागा पाहिलीस, मागच्या भिंतीजवळ खाली बसलीस.

"वहिनी, घरचंच काम हाय. एक सही तं मारा."

"घरचं हाय म्हनूनच म्हनून राह्यली. अर्थिंग कुठी हाय, भाऊजी?"

"हे काय, सळई ठोकली ना."

तू दोन बोटांनी ती सळई हलवलीस आणि ती हलली. "हे हातभर बी खाली गेली नाई. खड्डा खोदाचा, कोयसा-मीठ भराचं, प्लेट टाकाची. मंग सही."

"चार दिवसांवर वास्तू हाय! पाहुन्याईले सांगून झालं."

"मंग आजच खोदा."

दिलीप माझ्याकडे वळला. "दादा, तू सांग न वहिनीले."

सगळे माझ्याकडे बघत होते. दिलीपची बायको, गवंडी, त्याची दोन लेकरं विटांच्या ढिगावर बसलेली. मी पुढे झालो. गवंड्याजवळची सब्बल उचलली आणि तू दाखवलंस तिथे खोदायला लागलो. थोडा वेळ दिलीप विटांवर फुगून बसला. मग आला, माझ्या हातातून सब्बल घेतली आणि म्हणाला, "सरक. तुले खड्डा बी नाई खोदता येत." तू लेकरांना हाताशी धरून कोळसा फोडत होतीस. ऊन उतरायच्या आत प्लेट खाली गेली, माती वर आली. सिमेंटच्या गोणीवर बसून तू तुझं अख्खं नाव लिहिलंस. त्या घरात आजपर्यंत काही वाईट झालं नाही. होऊही नये. पण दिलीप मुंडण करून तुझ्या चितेजवळ उभा होता ना, तो मला म्हणाला, "दादा, माह्या घरचा तो खड्डा मले रोज दिसते."

यानंतरची गोष्ट तू माझ्यापेक्षा चांगली सांगितली असतीस. गावातल्या पोरी, नव्या सुना तुझ्याकडे यायच्या. आमाले बी शिकवा, म्हणायच्या. तालुक्याची बस गाठणं त्यांना जमत नव्हतं. सकाळी शेत, संध्याकाळी चूल, मोकळी मधली दुपार. तू आयटीआयच्या प्राचार्यांकडे गेलीस, मी सोबत होतो. त्यांनी सांगितलं, गावात तीन महिन्यांचा छोटा कोर्स काढता येईल. शेवटी सर्टिफिकेट, पाहुण्यांच्या हस्ते वाटप.

तू म्हणालीस, "सर, असे कोर्स गावात लय झाले. शिवणाचा झाला, पार्लरचा झाला. फोटो निघते, सर्टिफिकेट भिंतीवर लागते, आन बाई परत वावरात निंदाले जाते. सर्टिफिकेट भिंतीचं असते. परवाना खिशातला. मले खिशातला पाह्यजे."

प्राचार्य चांगले होते. त्यांनी नीट समजावलं, की परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर कोर्स लांब लागेल, वर्कशॉप लागेल आणि परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालचा कामाचा अनुभव लागेल.

"थो माह्या हाताखाली घेतीन," तू म्हणालीस.

त्या वाक्यावर प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला त्या वेळी कळलं नाही की तू काय बोललीस. नंतर कळलं. आजवर अनुभव द्यायला ठेकेदार सहसा बाईला हाताखाली घेतच नव्हते; तुलाही मोठ्या मुश्किलीने एक मिळाला होता. अनुभव नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. तू त्या फेऱ्यात एका जागी उभी राहिलीस आणि म्हणालीस, इथून आत या.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली बंद पडलेली खोली मिळाली. आठवड्यातून दोन दिवस आयटीआयचे सर यायचे, बाकी दिवस तू. भिंतीवर पट्ट्या ठोकून त्यांनी फिटिंग करायचं, तू चुका काढायच्या, पुन्हा उकलायचं. वंदना पहिल्या तुकडीतली. नवऱ्याने सोडलेली, आईच्या घरी राहून ओट्यावर भाजी विकणारी. पहिल्या दिवशी तिने ड्रिल मशीन हातात धरली आणि डोळे मिटले. तू तिला ओरडली नाहीस. म्हणालीस, "डोये मिटून भोक पडत असते तं मी बी मिटले असते."

आणि इथून आपलं भांडण. तुझ्या पोरी तयार व्हायला लागल्या, लोक परवाना विचारायला लागले. बाबूरावला कामं मिळेनाशी झाली. ज्या गावांना त्याने पहिले दिवे लावून दिले, ती गावं त्याला विचारू लागली, परमिट हाय का? त्याला धड वाचता येत नव्हतं. मी तुला जेवता जेवता म्हणालो, "तुह्या परवान्यानं बाबूराव बाहेर पडला. कागद मागतला की ज्याले वाचता येत नाई थोच आधी बाहेर पडते."

"बाहेर नाई पडला. दारात उभा हाय. त्याले आत आनू."

"अन नाई येता आलं तं?"

"तुमी घास गिळा."

तू त्याच्या घरी गेलीस. काय बोललीस माहीत नाही. पण पुढच्या सोमवारपासून साठीचा बाबूराव त्या खोलीत पोरींच्या मागे भिंतीला टेकून बसायला लागला. वंदना त्याला वाचून दाखवायची. तो तिला हात कसा धरायचा ते दाखवायचा.

परीक्षेला अमरावतीला जायची जीप मला आयुष्यभर दिसत राहील. आत पोरी कोंबलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर अवजारांची पिशवी, पुढे ड्रायव्हरशेजारी बाबूराव धुतलेलं धोतर नेसून. सोनाळ्यापासून तू त्यांना प्रश्न विचारत होतीस. अकोल्याच्या पुढे गेल्यावर ड्रायव्हरच मध्ये उत्तर द्यायला लागला. तू म्हणालीस, "दादा, तुमी रस्त्याकडे पाहा. तुमचा परवाना येगळा हाय."

निकाल लागला. बहुतेक सगळ्या पास झाल्या. दोघी राहिल्या, त्या पुढच्या वेळी झाल्या. बाबूराव हाताच्या कामात पास, लेखीत नापास.

त्या दिवशी शाळेच्या खोलीत पेढे वाटले जात होते आणि तू तिथे नव्हतीस. मी तुला बाबूरावच्या ओट्यावर गाठलं. तो बिडी पेटवत होता, पेटत नव्हती. "सुनंदा," तो म्हणाला, "माह्या हाताले तार समजते. पेन नाई समजत, बाई."

"तोंडी इचारलं असतं तं सांगतलं असतं का तुमी?"

"सांगतलं असतं."

"मंग तोंडी इचाराले लावू."

त्यानंतर तू किती ठिकाणी गेलीस, लिहिता न येणाऱ्या जुन्या माणसांची परीक्षा तोंडी घ्या म्हणून! प्राचार्यांनी वर कळवलं. साहेब लोकांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं, एवढंच. तोवर तू बाबूरावला म्हणालीस, माझ्या हाताखाली काम करा, तपासून सही मी करीन. तो पूर्ण हंगामभर तुझ्याशी बोलला नाही. नंतर एक दिवस सायकल दाराशी लावून म्हणाला, "सांग, कुठी जाऊ?" तू त्याला कामाचं ठिकाण सांगितलंस आणि आत येऊन रडलीस. हे त्याला माहीत नाही.

तू म्हणायचीस, दार रुंद करायचं. मी म्हणायचो, दार रुंद होईपर्यंत जो बाहेर राहतो त्याचं काय? तू म्हणायचीस, म्हणून तर घाई आहे. हे आपण किती वर्षं बोललो! मी चूक होतो असं मला आजही वाटत नाही. तू बरोबर होतीस यातही मला शंका नाही. बाबूरावकडे अजून परवाना नाही, सुनंदा. आणि तुझ्या हाताखालून गेलेल्या बायकांकडे आहे. वंदना स्वतः सही करते, अख्खं नाव लिहून.

तुझ्या माहेरच्या खारपाणपट्ट्यात किडनीने गेलेली तू पहिली नाहीस. तुझा बाप त्यानेच गेला, काका त्यानेच. लहानपणीचं ते खारं पाणी तुला या वयात येऊन भेटलं. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. पहिल्या दिवशी मशीन लावायला आलेल्या पोरीला तू विचारलंस, "बाई, तुमचा कोर्स कुठी झाला? नोंदनी हाय काय?" मला लाज वाटली. पण ती पोरगी रागावली नाही. तिने गळ्यातलं कार्ड काढून तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस, परत दिलंस आणि हात पुढे केलास. "आता लावा."

शेवटच्या आठवड्यात तू थकली होतीस. मी बाबूरावचा विषय काढला नव्हता, तूच काढलास. "तुमी अजून जितले नाई," म्हणालीस. मी म्हणालो, "तू बी नाई." तू हसलीस. त्यानंतर आपण फक्त पाणी, औषध, पोरीचा फोन एवढंच बोललो. एका सकाळी तू झोपेतच गेलीस.

सांगायचं राहिलं ते एकच. बाजारात, बँकेत, शेजारच्या गावात मला माझ्या नावाने फार लोक ओळखत नाहीत. 'वायरमन बाईचे मिस्टर' म्हणतात. तुला वाटायचं मला ते खटकतं, म्हणून तू लोकांना माझं नाव सांगायचीस. मला ते कधीच खटकलं नाही. मला ते फार आवडायचं. मी हळू चालायचो, आणखी कोणी म्हणेल म्हणून.

काल नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. तू उघडणार होतीस ती तुकडी. सरांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. खोलीत तुझा फोटो, हार, उदबत्ती. समोर बसलेल्या पोरींपैकी एकीनेही तुला शिकवताना पाहिलेलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकीने हात वर केला. "काका, मॅडमले कधी शॉक बसला होता काय?"

बसला होता. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. शेतात पाणी धरता धरता तू ओल्या हाताने बोर्डाला हात लावलास आणि बांधावर फेकली गेलीस. मी ओरडत धावत आलो. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. तू तुझ्या पायांकडे पाहिलंस. अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. "असं होय," म्हणालीस, आणि उठून चपला शोधायला निघालीस.

मी एवढंच सांगितलं. पोरींनी खाली पाहिलं. फोटोसमोर बसायचं म्हणून सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

वंदना बोर्डाजवळ उभी होती. ती म्हणाली, "जा, पायात घालून या. आन यापुढं कोनी बी या खोलीत अनवाणी यायचं नाई."

एक पोरगी चाचरली. "मॅडमच्या फोटोसमोर?"

"मॅडमच्या फोटोसमोर."

त्या एकेक करून बाहेर गेल्या आणि चपला-बूट वाजवत आत आल्या. मग मीही उठलो, दाराबाहेर जाऊन पायात चपला सरकवल्या आणि परत येऊन तुझ्यासमोर बसलो.